रविवारची गोळी

फोन आला तेव्हा कोबिलो गोठ्यात होती. एका हातानं गाईच्या पाठीवर थाप मारत तिनं फोन कानाला लावला.

"आई, पहिलं बाळंतपण आहे," पलीकडून जेलागट म्हणाली. "येणार नसशील तर आत्ताच सांग. उगाच वाटेकडे डोळे लावून बसायला नको."

"अगं, गाई कोण बघेल?"

"काकू बघेल. मी तिला विचारलंय." एवढं बोलून पोरीनं फोन ठेवून दिला. आईशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे ती लहानपणीच शिकली होती.

गाईंची काळजी हे नुसतं निमित्त होतं, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. डोंगरावरच्या इटेन गावच्या कड्यावरून खाली उतरून सरोवराच्या काठी जायचं म्हटलं की कोबिलो काहीतरी काम काढून बसायची. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा उसाच्या तोडणीवर तिकडं गेला होता. धडधाकट परत आला, मक्याची कणसं भाजून खाल्ली, कुंपण दुरुस्त केलं. दहाव्या दिवशी अंगात हुडहुडी भरली. वर डोंगरात डास नाहीत, हिवताप नाही. त्यामुळं थंडी बाधली असेल म्हणून सगळ्यांनी त्याला घोंगड्यात गुंडाळलं आणि चहा पाजला. पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं, तोवर फार उशीर झाला होता. त्यानंतर कोबिलो कधी कडा उतरली नाही. जेलागटनं सरोवराकाठचा ओगुतू, लुओ जमातीचा मुलगा, पसंत केला, तेव्हा लग्नदेखील मुलाकडच्यांना वर बोलावून इथंच लावलं.

पण पाचव्या महिन्यात जेलागटलाच ताप येऊन गेला होता. निभावलं, पण ते चार दिवस कोबिलोनं हातातून फोन खाली ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून गावातल्या दवाखान्यात गेली.

नर्स राएल तिच्या मैत्रिणीची मुलगी. टेबलावर दोन पाकिटं मांडून ती म्हणाली, "मावशी, तुमचं आयुष्य डोंगरात गेलं. तुमच्या अंगाला या तापाची ओळखच नाही. गोळीशिवाय जायचं नाही. आता नीट ऐका. ही मेफ्लोक्विन. आठवड्यातून एकदा. जायच्या तीन आठवडे आधी सुरू करायची, म्हणजे सोसते की नाही ते घरीच कळतं. हिनं कुणाकुणाला विचित्र स्वप्नं पडतात, गरगरतं, जीव घाबरा होतो. ही दुसरी डॉक्सिसायक्लिन. रोज घ्यायची. हिनं पोटात ढवळतं आणि ऊन बाधतं. तिसरीही एक आहे, पण ती महाग पडते आणि आपल्याकडं येत नाही. आणि कुठलीही घेतलीत तरी परत आल्यावर चार आठवडे सोडायची नाही."

"आठवड्याची दे. रविवारी चर्चमधून आले की घेईन, विसरायला होणार नाही."

"थांबा. आधी सांगा, कधी मनाचा काही त्रास? झोप उडणं, भास होणं, त्यासाठी औषध?"

"छे," कोबिलो म्हणाली.

ती हे इतकं चटकन म्हणाली की दुसऱ्या कुणाला शंका आली असती. नवरा गेला त्या वर्षी ती तीन महिने अंथरुणातून उठली नव्हती. भिंतीशी बोलायची. शेवटी तिच्या दिरानं एल्डोरेट शहरात नेऊन औषध चालू केलं होतं. राएल तेव्हा शिकायला बाहेरगावी होती, तिला हे कुठून माहीत असणार? आणि ज्या गोष्टीवर एवढ्या मुश्किलीनं माती टाकली, ती नर्सच्या टेबलावर उकरून काढायची कोबिलोची इच्छा नव्हती.

पहिल्या रविवारी तिनं गोळी घेतली. बुधवारी पहाटे तो आला.

तो कुंपणापाशी उभा होता, अंगात तोच कोपरावर फाटलेला कोट. हातातली तार पिरगाळत त्यानं मान वर केली आणि विचारलं, "दूध झालं का?" बस, एवढंच. रोज सकाळी तो हेच विचारायचा. कोबिलो जागी झाली तेव्हा तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती.

अकरा वर्षांत तो एकदाही स्वप्नात आला नव्हता. गावातल्या सगळ्या विधवांचे नवरे यायचे, कुणाचे रागवायला, कुणाचे नुसतेच बसून राहायला, आणि त्या पाण्याच्या टाकीवर रंगवून सांगायच्या. कोबिलो गप्प ऐकायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. आता तो रोज येऊ लागला. कधी वासराला बाटलीनं दूध पाजायचा, कधी नुसता ओट्यावर बसून बूट झटकायचा. दुसऱ्या रविवारची ती अशी वाट बघू लागली, जणू कुणी पाहुणाच यायचा होता. चर्चमध्ये प्रवचन लांबलं तसा तिला पाद्रीबाबाचा राग आला.

मात्र दिवस बिघडत चालले. धार काढताना डोळ्यांपुढं गोठा फिरायचा. एकदा बादली लवंडून सगळं दूध शेणात गेलं. छाती विनाकारण धडधडायची. स्वतःच्या फाटकाची कडी काढायला भीती वाटायची. भरदुपारी गोठ्यात त्याचा खोकला ऐकू आला, तेव्हा ती "आले हं" म्हणत धावली, आणि तिथं फक्त गाय रवंथ करत होती. तरी तिनं कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर राएलनं गोळी काढून घेतली असती.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी जेलागटचा फोन आला. "आई, गुरुवारची गाडी ना? ओगुतू एल्डोरेटपर्यंत घ्यायला येतो म्हणतोय."

"बघू," कोबिलो म्हणाली.

"बघू म्हणजे?"

खरं म्हणजे तिच्या मनात आलं होतं, मी तिकडं गेले तर यांना घर सापडेल का? इथंच राहिले तर काय बिघडतं, पोरीजवळ तिची सासू आहेच की. हे मनात आलं आणि कोबिलोनं फोन बंद केला. पोटची पोर बोलावते आहे, आणि आपण मेलेल्या माणसाला घर सापडावं म्हणून घरी बसायला निघालो आहोत! तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. रुमालदेखील न बांधता ती तशीच दवाखान्यात गेली.

तिनं सगळं सांगितलं. ते तीन महिने, भिंत, एल्डोरेटचं औषध, कुंपण, कोट, खोकला. राएल ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं ना मावशी? तेव्हा बोलला असता तर ही गोळी तुमच्या हातात दिलीच नसती."

"म्हणजे मग ते आलेच नसते."

राएलनं पाकीट उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. कोबिलोचे डोळे त्या ड्रॉवरवरून हलेनात.

"आता यायचे नाहीत का गं ते?"

"औषध अंगात रेंगाळतं, मावशी. दोन-तीन आठवडे तरी." राएलनं तिचा हात हातात घेतला. "एकदम नाही जायचे. हळूहळू जातील."

कोबिलो रडली. लहान मुलासारखी, नाक पुसायचं भान न ठेवता रडली. राएलनं दार लावून घेतलं आणि बाहेरच्या रांगेला थांबायला सांगितलं.

मग दुसरं पाकीट निघालं. उद्यापासून, रोज एक. काहीतरी खाऊन, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. घेतल्यावर तासभर आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशात जळजळतं. उन्हात उघड्या डोक्यानं फिरायचं नाही. "आणि मुख्य म्हणजे दुधाबरोबर घ्यायची नाही. दुधाच्या चहाबरोबरही नाही. दूध या गोळीला अंगात शिरू देत नाही."

"नाही घेत दूध," कोबिलो म्हणाली. या वेळी ती खरं बोलत होती, निदान तिच्या समजुतीप्रमाणं.

गुरुवारी ती निघाली. विहिणीकडं मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून मांडीवर मुरसिकचा भलामोठा भोपळा होता. कोळशानं आतून घोटलेल्या भोपळ्यात आठवडाभर आंबवलेलं दूध ते. गाडी कडा उतरू लागली तशी हवा गरम आणि जड होत गेली. कोबिलोनं एका हातानं भोपळा आणि दुसऱ्या हातानं समोरची दांडी घट्ट धरली होती.

जावयाच्या घरात सासूनं झोपायचं नसतं, त्यामुळं तिची सोय आकुमूच्या घरात होती. आकुमू म्हणजे ओगुतूची आई. रुंद हाडाची, मोठ्या आवाजाची. कोबिलो आल्याआल्या तिनं भोपळा हुंगला, वासानं नाक मुरडलं, आणि तरी दोन घोट घेतले.

"विहीणबाई, कोळसा खाता की काय तुम्ही लोक?"

"तुम्ही मासे खाता डोळ्यांसकट, मी काही बोलले का?"

झालं. दोघींची गट्टी जमली. जेलागट पोट सांभाळत दारात उभी होती. आईला बघून तिनं काहीही बोलायच्या आत हुंदका दिला आणि मग स्वतःवरच चिडली.

संध्याकाळी कोबिलोनं मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारचारदा खोचल्या. ही बाई आता गोळीवरून चेष्टा करणार, अशी तिची खात्री होती. पण आकुमू म्हणाली, "घ्या हो घ्या. आम्ही मोठे झालेले लोक टिकतो. माझी दोन लहान असताना गेली याच तापात. ओगुतूच्या आधीची." आणि तिनंही हात लावून एक कड नीट खोचली.

पाचव्या दिवशी राएलचा फोन आला. "काय मावशी, पोट काय म्हणतंय?"

"एकदम शांत! तू उगाच घाबरवलंस. मी मुरसिकबरोबर घेते, काही ढवळत नाही."

पलीकडं राएल इतक्या मोठ्यानं ओरडली की अंगणातली आकुमू उठून आत आली. "मावशी! दूध नको म्हणाले होते ना मी!"

"दूध कुठं घेतेय मी? दूध वासरं पितात. मुरसिक जेवण आहे."

"ते दुधाचंच होतं ना?"

साठ वर्षांत हा प्रश्न कोबिलोला कुणी विचारला नव्हता. आकुमू पोट धरून हसली, खाली बसून हसली, हातानं डोळे पुसत हसली. मग कोबिलोचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. पाच दिवस! पाच दिवस ती अर्धीमुर्धी गोळी अंगात घेऊन डासांच्या गावात हिंडत होती. राएलनं बजावलं, आजपासून फक्त पाणी, आणि जरा जरी अंग तापलं तरी त्याच दिवशी रक्त तपासायचं. थंडी असेल म्हणून बसून राहायचं नाही. हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं.

आकुमूनं भोपळा उचलून आढ्याला टांगला, कोबिलोचा हात पोचणार नाही इतका वर. दुसऱ्या दिवसापासून सगळा कारभार तिच्या हातात गेला. सकाळी नाचणीची पेज, मग गोळी, मग काठोकाठ भरलेला पेला, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर पहारा. मुरसिक गेलं तसं पोट ढवळू लागलं. कोबिलो कण्हत म्हणायची, "जरा टेकते."

"टेकायचं नाही. तास व्हायचाय. बोला काहीतरी."

आकुमू सुपात ओमेना निवडायची, चांदीच्या चुऱ्यासारखे ते बारीक मासे, आणि कोबिलो भिंतीला पाठ लावून ताठ बसून बोलायची. गाईंबद्दल, दिराबद्दल, चर्चच्या पत्र्याबद्दल. बोलता बोलता एके सकाळी तिनं रविवारच्या गोळीची गोष्टही सांगून टाकली.

आकुमूचे हात थांबले. "आणि तुम्ही गोळी बंद केलीत? ते येत असताना?"

"पोरीकडं यायचं होतं ना."

सूप बाजूला ठेवून आकुमूनं विहिणीच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं.

तो आता क्वचित यायचा. कधी नुसती पाठ दिसायची, कधी लांबून चालत जाताना. डोकं मात्र हलकं झालं होतं, छातीची धडधड थांबली होती. एका सकाळी कोबिलोनं उठल्याउठल्या सांगितलं, "आज आले होते. अंगणाच्या कुंपणापाशी उभे होते, कोट घालून. आत नाही आले."

"व्याह्यांच्या घरी न बोलावता कोण आत येतं?" आकुमू म्हणाली. "माणूस रीतीचा दिसतो."

दोन दिवसांनी, ऐन सकाळी, दवाखान्यात जेलागटला मुलगा झाला. चांगला टणक, काळेभोर जावळ. जेलागटनं सगळा वेळ आईचं मनगट असं धरून ठेवलं होतं की बोटांचे वळ उठले. कोबिलोनं ते वळ दिवसभर कुणाला झाकू दिले नाहीत.

घरी आणल्यावर पोरानं रडायला सुरुवात केली. दूध पाजून झालं, लंगोट बदलून झाला, तरी तो रडतच राहिला. आकुमूला त्यात काही नवल वाटलं नाही. तिच्या लोकांत मूल असं रडलं म्हणजे ते आपलं नाव मागतं आहे. गेलेल्यांपैकी कुणीतरी स्वप्नात येऊन सुचवतं, आणि खरं नाव घेतलं की मूल गप्प होतं. कोबिलोच्या लोकांतही बारशाला पूर्वजांची नावं घेत बसतात, बाळ शिंकेपर्यंत. तेव्हा तीही मांडी घालून शेजारी बसली.

आकुमूनं सासऱ्याचं नाव घेतलं. पोर रडतंच होतं. थोरल्या दिराचं घेतलं. तापात गेलेल्या आपल्या दोन लेकरांची घेतली, हळू आवाजात. चार नावं झाली. मग ती वळली.

"विहीणबाई, तुमच्या माणसाचं नाव काय?"

"जेलागटचे बाबा."

"ते बाळाला कसं ठेवायचं? खरं नाव सांगा."

कोबिलोनं ते आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. बायकोनं घ्यायचं नसतं. नवरा जिवंत असताना घेतलं नाही, गेल्यावर घ्यायला कारण उरलं नाही. तिनं मान हलवली. "आणि ते गोळीमुळं आले होते हो. औषधाचा परिणाम होता तो. तसं धरायचं नसतं."

"आले ना?" आकुमू म्हणाली. "मग कुठल्या गाडीनं आले ते मी कशाला विचारू?"

जेलागट पलंगावरून आईकडं बघत होती. तिला नाव माहीत होतं, ती सांगू शकली असती.

"किमोसोप," कोबिलो म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला ते नाव पुन्हा घ्यावं लागलं. "किमोसोप."

पोर गप्प झालं. आता, जेलागटनं नेमकं तेव्हाच त्याला छातीशी धरलं होतं, हेही खरं, आणि ओगुतूचं पुढं कायम म्हणणं पडलं की तो भुकेनंच रडत होता. पण आकुमूनं मांडीवर थाप मारली. "घ्या! सरोवराकाठच्या पोराला डोंगराचं नाव! शेजारी काय म्हणतील?" आणि ती इतकी खूश होती की शेजाऱ्यांना सांगायला स्वतःच निघाली.

महिन्याभरानं कोबिलो परत कडा चढली. पिशवीत आकुमूनं दिलेले वाळवलेले मासे होते, डोळ्यांसकट, आणि चार आठवड्यांच्या गोळ्या. वर आल्यावर गोळ्या घेणं तिच्या जावेला शुद्ध वेडेपणा वाटला. इथं डास आहे कुठं? कोबिलो तिला उत्तर न देता पेज खायची, पाण्याचा पेला रिकामा करायची आणि तासभर ओट्यावर ताठ बसायची.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तिला शिरशिरी आली. जाऊ घोंगडं घेऊन धावली आणि चुलीवर चहा चढवला. कोबिलोनं घोंगडं बाजूला सारलं आणि काठी घेऊन दवाखान्याची वाट धरली. राएलनं बोट टोचलं, थेंब घेतला. दोघी त्या छोट्या पट्टीकडं बघत बसल्या. काही निघालं नाही. नुसती थंडी होती. असा एक थेंब अकरा वर्षांपूर्वी कुणी घेतला असता तर, हे दोघींनाही बोलायची गरज नव्हती.

स्वप्नं आता पडत नव्हती. शेवटची गोळी घेतली त्या सकाळी तिनं जेलागटला फोन लावला, संपल्या म्हणून सांगायला. फोन उचलला गेला, पण कुणी बोलेना. जेलागटनं तो चालू करून कुठंतरी ठेवला असावा. पलीकडं भांडी वाजत होती, कोंबड्या ओरडत होत्या, आणि त्या सगळ्यावर आकुमूचा आवाज चढला होता.

"किमोसोप! अरे किती सांडशील? नीट पी. किमोसोप, तुझ्याशी बोलतेय मी!"

कोबिलो ओट्यावर ताठ बसून ऐकत राहिली. अकरा वर्षांनी ते नाव कुणीतरी दिवसाढवळ्या घेत होतं, रागावून, तोंडभरून, आणि ज्याचं होतं तो त्या हाकेच्या टप्प्यात होता. समोर कुंपण नुसतं उन्हात उभं होतं. तिनं फोन तोंडाजवळ नेला.

"किमोसोप," ती म्हणाली, "दूध झालं का?"